कोंडा कोणाचा?

आमच्या पवनी तालुक्यात मटण म्हणजे बोकडाचं. मेंढीचं मटण खाणारी घरं थोडी आणि मेंढ्या पाळणारी त्याहून थोडी. खाटकासाठी वाढवायच्या कोकराला दाणा चारण्याचा इतिहास भंडारा जिल्ह्यात शोधू गेलं, तर तो बकरीच्या पिल्लापाशी येऊन ठेपतो. कोकरू त्यात येतं ते बाहेरून आलेल्या धनगरांच्या कळपासोबत. आणि दाणा तरी कसला? हा धानाचा जिल्हा. वैनगंगेच्या दोन्ही अंगांना बांध्याच बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं. ज्वारी आणायची तर वर्धेकडून, मका आणायचा तर आणखी लांबून. पिल्लाच्या तोंडाशी जे काही जायचं ते धान कांडल्यावर मागे राहिलेलं. म्हणून हा इतिहास मी पिल्लाच्या बाजूनं न सांगता कोंड्याच्या बाजूनं सांगणार आहे. माझ्या वडिलांचा गावात हलर, म्हणजे धान सडायचं यंत्र, होता आणि कोंडा कोणाचा यावरून रोजची बाचाबाची ऐकतच मी वाढलो.

हलरच्या आधी ढेकी होती. लांब लाकडी दांडा, एका टोकाला पाय द्यायची जागा, दुसऱ्या टोकाला मुसळ, त्याच्याखाली जमिनीत पुरलेलं उखळ. आजीच्या पडवीत आमच्या लहानपणीही ती होती. दोन बाया दांड्यावर उभ्या राहायच्या, तिसरी उखळापाशी बसून दोन घावांच्या मधल्या क्षणात हातानं धान सारायची. बोटं सांभाळायचं काम तिचं. पहिल्या कांडणीत टरफल सुटायचं. ते सुपानं पाखडून काढलं की उरलेला लालसर तांदूळ परत उखळात. या दुसऱ्या फेरीला सडणं म्हणायचं. सडताना तांदळाच्या अंगावरचा पातळ थर पिठासारखा निघतो, तो खरा कोंडा. टरफल वेगळं, कोंडा वेगळा. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे, म्हणून इथेच सांगून ठेवतो.

आजी सूप हलवायची तेव्हा तिच्या समोर तीन वाटे पडत. अख्खा तांदूळ जवळ, तुटकी कनकी मध्ये, कोंडा सुपाच्या तोंडाशी. टरफलाचा भुसा तर आधीच चुलीकडे किंवा शेणखताच्या खड्ड्याकडे गेलेला. अख्ख्या तांदळाचा हिशेब आजोबांकडे. तो खंडी-कुडोच्या भाषेत चालायचा: २० कुडोंची एक खंडी, सालदाराचे इतके, लोहाराचे इतके, बियाण्याचे इतके. कनकी आणि कोंड्याचा हिशेब कोणी विचारत नसे. ते आजीचं. बकऱ्याही आजीच्याच. बैल, गाय, शेत, बांधी पुरुषांच्या नावावर, पण बकरी विकून आलेला पैसा बाईच्या ओच्यात जायचा आणि त्याबद्दल घरात कोणी चौकशी करायचं नाही. आमच्याच घरची ही तऱ्हा होती असं नाही. गावात ज्यांच्याकडे शेत नव्हतं त्या बाया दुसऱ्याची पाठ, म्हणजे तरणी बकरी, बटईनं सांभाळायच्या: पहिलं पिल्लू मालकाचं, दुसरं सांभाळणारीचं. त्या बाया ढेकीवर कांडायला आल्या की मजुरीत थोडा तांदूळ आणि वर कोंडा घेऊन जायच्या. गावच्या खुराकाचा सगळा कारभार असा बायांच्या हातात होता. कुठल्या सरकारी कागदावर तो नाही, म्हणून इतिहासात नाही.

सगळ्याच पिल्लांना हा खुराक मिळायचा असं समजू नका. पाठी आणि साधी पिल्लं चरायला जात. बांधावरचं गवत, बोरी, बाभळीच्या शेंगा, अंजनाचा पाला यावर त्यांचं भागायचं. खुराक निवडलेल्याला. नवसाचा बोकड, नाहीतर मंडईचा. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. रात्रभर दंडार हे लोकनाट्य, हल्ली नाटक, आणि घरोघरी पाहुणे. लेकी-जावई येतात ते मंडईला. त्या दिवशी कापायचा बोकड पोळ्याच्या सुमारास वेगळा बांधला जाई. सकाळी भाताच्या पेजेत कालवलेला कोंडा, त्यात मिठाचा खडा. संध्याकाळी मूठभर शिजवलेली कनकी. दाण्यापेक्षा जास्त मान मिठाला होता. आजी म्हणायची, "मीठ खाल्ल्यावर त्यो पानी पिते, पानी पेलं का मंग आंग धरते." आज पशुवैद्यकाची पुस्तकं जे सांगतात त्यापासून हे फार दूर नाही.

आता अख्खं धान किंवा अख्खा तांदूळ बोकडाला घालणं. तसं कोणी करत नसे, आणि त्याचं कारण नुसता कंजूषपणा नव्हता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ या मुलखानं एकापाठोपाठ एक सोसले. मध्य प्रांतात त्या वर्षांनी माणसं नेली तशी जनावरंही नेली. ज्या आज्यांनी आम्हाला वाढवलं, त्यांच्या आज्यांनी ते दिवस पाहिले होते. खळ्यावर सांडलेला दाणा वेचून घ्यायचा, ओलांडून जायचं नाही, ही शिस्त तिथून आलेली. पुढे १९६० च्या दशकात लेव्ही, म्हणजे सरकारची सक्तीची धानखरेदी, आली, धान जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी आली, तेव्हा पुन्हा दाण्यादाण्याला मोल चढलं. बोकडाला तांदूळ चारणारा माणूस गावात माजलेला म्हणून ओळखला गेला असता.

माजाचं उदाहरण मात्र जवळच होतं. नागपूरजवळ कन्हानच्या काठी कामठी. इंग्रजांनी १८२१ मध्ये तिथे छावणी वसवली. हिंदुस्थानभरच्या छावण्यांमधून साहेबलोकांना गावठी, चरून वाढलेल्या मेंढीचं मटण चिवट लागायचं. म्हणून ते मेंढ्या विकत घेऊन महिनोन् महिने हरभऱ्यावर पोसायचे. लहान ठाण्यांवर, जिथे एका घराला आख्खी मेंढी संपणं कठीण, तिथे पाच-दहा साहेब मिळून मटण क्लब काढायचे. सामाईक कळप, एक मेंढपाळ नोकर, हरभऱ्याचा सामाईक खर्च, आणि कापलेल्या मेंढीचे वाटे पाळीपाळीनं. कोणाला या आठवड्यात पुढचा पाय, कोणाला मागचा. हरभऱ्यावर पोसलेल्या या मटणाची नोंद १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशातही सापडते. आपल्याकडे घोड्याला हरभऱ्याची चंदी असते हे लोकांना ठाऊक होतं, पण मेंढीला चंदी ही कल्पना साहेबाची. हिंदुस्थानात खाटकासाठीच्या कोकराला पद्धतशीर, मोजून दाणा घालण्याची पहिली चाल ही असावी असं मला वाटतं. ती आमच्या खेड्यांपर्यंत आली नाही. यायचं कारणही नव्हतं. हरभरा खायला माणसं होती.

आमचा हरभरा वेगळाच होता. त्याचं नाव लाख, लाखोळी. धान निसवून पिवळं पडू लागलं, बांधीत पाणी आटून नुसता चिखल राहिला, की कापणीच्या पंधरा-वीस दिवस आधी उभ्या धानात लाखोळी फेकायची. ना नांगरट ना खत. याला उतेरा म्हणतात. धान कापलं की खाली लाखोळी वर आलेली असते. जानेवारीत तिला निळी फुलं येतात आणि पवनी-लाखांदूरकडच्या बांध्या एकदम वेगळ्या दिसू लागतात. तिचा पाला वाळवून भाजी, डाळीचं वरण, वडे, आणि डाळ भरडताना निघालेली चुनी बकऱ्यांना. कोंड्यानं पोट भरतं, पण अंग भरायला डाळीचा अंश लागतो, हे बायांना माहीत होतं. मंडईचा बोकड दिवाळीनंतर कापायचा तर चुनी गेल्या वर्षीची, मडक्यात राखेत ठेवलेली.

लाखोळीला एक बट्टा होता. ती रोज, पोटभर, दुसरं काही नसताना खाल्ली तर पाय आखडतात, माणूस काठीवर येतो. दुष्काळात असंच व्हायचं, कारण पाऊस गेला तरी लाखोळी यायची आणि तीच तेवढी खायला उरायची. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं सागरच्या मुलखात अशी गावं पाहिली आणि १८४४ च्या आपल्या पुस्तकात त्यांच्याबद्दल लिहिलं. दोष ओडीएपी नावाच्या विषारी द्रव्याचा, हे कळायला पुढची शंभरावर वर्षं गेली. भिजवून ते पाणी टाकून दिलं की हे द्रव्य बरंच कमी होतं. आमच्याकडे चुनी रात्री भिजत घालून सकाळी पाणी ओतून द्यायची पद्धत होती, ती कुठून आली देव जाणे. घोड्याला लाखोळी फारच बाधते. रवंथ करणाऱ्या जनावराला त्या मानानं कमी, कारण त्याच्या पोटातले जंतू विषाचा काही भाग मोडून टाकतात. तरी नुसत्या लाखोळीवर बोकड कोणी ठेवत नसे.

१९६१ पासून माणसांच्या खाण्यासाठी लाख विकायला बंदी आली. बंदी कागदावर कडक होती. बांधीत ती उगवतच राहिली. पण बाजारात तिला नाव उरलं नाही. व्यापारी चोरून घ्यायचा, भाव पाडून घ्यायचा, आणि बेसनात मिसळून विकायचा. शेतकऱ्याला विचारलं तर तो म्हणायचा, जनावरांसाठी लावली आहे. अशा रीतीनं जी डाळ पिढ्यान् पिढ्या माणसांनी खाल्ली आणि चुनी तेवढी जनावराला दिली, ती सरकारच्या लेखी आख्खीच जनावराची झाली. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी या बंदीविरुद्ध अनेक वर्षं उपोषणं, अर्ज, कोर्टकचेऱ्या करत राहिले. पुढे रतन, प्रतीक यांसारख्या कमी विषाच्या जाती आल्या, आणि महाराष्ट्रानं बंदी उठवली. तोवर आमच्या भागातले कितीतरी शेतकरी उतेरा सोडून उन्हाळी धानाकडे वळले होते. माझं मत विचाराल तर बंदीनं पांगळेपण किती थांबवलं याचा वाद तज्ज्ञांनी घालावा. बकरीच्या पिल्लाचा स्वस्तातला खुराक तिनं महाग केला, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

मेंढ्यांचं सांगायचं राहिलं. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरच्या ग्रंथात धनगर, गाडरी आणि कुरमवार यांच्यावर वेगवेगळे लेख आहेत. त्यात कुरमवार सापडतात ते चांदा जिल्ह्यात, म्हणजे आमच्या दक्षिणेला. आमच्याकडे कळप यायचे ते फिरते. होळीच्या आगेमागे, लाखोळी उपटून बांध्या मोकळ्या झाल्या की. उभ्या लाखोळीत मेंढरू शिरलं तर काठ्या निघायच्या. रिकाम्या बांधीत मात्र शेतकरी स्वतः जाऊन धनगराला बोलवायचा. कळप रात्री शेतात बसवायचा, लेंड्या आणि मूत जमिनीत जिरायचं, सकाळी त्या बदल्यात धान मोजून द्यायचं. पुढे गुजरातेतले रबारी उंटांसकट विदर्भभर फिरू लागले, तेही याच हिशेबानं.

यात गंमत अशी की मेंढराच्या निमित्तानं शेतकऱ्याच्या कोठीतून धान निघायचं, पण ते मेंढराच्या पोटात जायचं नाही, धनगराच्या जायचं. कळप चरून जगायचा. फक्त आईचं दूध तुटलेलं किंवा आई मेलेलं कोकरू डेऱ्यावर राहायचं. उन्हातून आम्ही पोरं ते बघायला जायचो. धनगरीण कनकीची पातळ पेज चिमूटभर गूळ घालून बोटानं त्याला चाटवायची. ते बोट चोखायचं, पेज अर्धी लुगड्यावर. जगलं तर कळपात, नाहीतर नाही. दाणा चारून मोठं करायचं आणि खाटकाला द्यायचं हे त्यांच्या गणितात नव्हतंच. वर्षाचा झालेला नर जसा असेल तसा विकायचा.

आता हलर. याची मूळ कल्पना ब्राझीलमधल्या एंगलबर्ग नावाच्या माणसाची, १८८० च्या दशकातली, आणि ती कॉफीच्या बिया सोलण्यासाठी होती. अमेरिकेत ते यंत्र तयार होऊ लागलं आणि जगभरच्या भातखाऊ देशांत पसरलं. लोखंडी नळकांडं, आत फिरणारा दातेरी रूळ, खाली जाळी. वरून धान ओतलं की एकाच फटक्यात टरफल निघतं आणि तांदूळ सडतोही. आमच्या वडिलांचा हलर डिझेल इंजिनवर चालायचा, वीज गावात आली तेव्हा मोटारीवर. पट्टा सुटला की अख्खा गाव ऐकायचा.

ढेकी बंद पडायला फार वर्षं लागली नाहीत. बायांचे पाय सुटले, याचा आनंद खोटा नव्हता. पण हलरमध्ये टरफल आणि कोंडा एकत्र दळून निघतो. जाळीखाली जो राखी-तांबूस भुगा पडायचा त्यात खरा कोंडा किती आणि कुस्करलेलं टरफल किती हे सांगता यायचं नाही. टरफलात असते रेतीसारखी सिलिका. आजीनं पहिल्यांदा हलरचा कोंडा बोकडापुढे ठेवला तेव्हा त्यानं फुंकर मारून तोंड फिरवलं. तिनं चाळणीनं चाळून पाहिला, निम्मा वर राहिला. "हा कोंडा नोहे, भुसा होय," असं तिनं आपल्या लेकाला, म्हणजे हलरच्या मालकालाच ऐकवलं.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. कुटाई रोख द्यायची तर कोंडा गिऱ्हाईकाचा. कुटाईला पैसे नसतील तर कोंडा हलरवाल्याचा. गावात बहुतेकांकडे पैसे नसायचे. वडिलांच्या हलरमागे कोंड्याचा ढीग वाढू लागला आणि ज्या बाया कालपर्यंत ढेकीवर कांडून कोंडा पदरात घेऊन जात होत्या त्या आता पायलीच्या मापानं तो विकत घ्यायला येऊ लागल्या. घासाघीस, उधारी, "मागच्या बुधवारचा कुबट होता" अशी तक्रार. कुबट असायचाच. कोंड्यात तेल असतं, आणि धान्यावेगळा झाला की त्यातलाच एक पाचक रस ते तेल काही दिवसांत नासवतो. ढेकीचा कोंडा त्याच दिवशी संपायचा म्हणून हा प्रश्न कधी आला नव्हता. साठवण आली, तशी वास मारणारी पोती आली. आईचं आणि वडिलांचं या ढिगावरून कधी पटलं नाही. ती शेजारणींना मागच्या दारानं टोपलीभर देऊन टाकायची.

१९५८ मध्ये भात गिरण्यांच्या नियमनाचा कायदा आला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत सरकारचा सगळा भर हलर काढून नव्या पद्धतीच्या मिली आणण्यावर राहिला. कारण साधं होतं: हलर तांदूळ फार तोडतो आणि कोंड्यातलं तेल फुकट घालवतो. नव्या मिलीत रबरी रुळांमधून टरफल आधी निघतं, कोंडा नंतर, वेगळा. म्हणजे ढेकीनं जे केलं तेच, फक्त तासाला टनांच्या हिशेबानं. तुमसर, भंडारा, साकोली, पवनी, सगळीकडे मिली उभ्या राहिल्या. आज सरकारी धानाच्या भरडाईचा हिशेब सगळ्यांना पाठ आहे: १ क्विंटल धानामागे ६७ किलो तांदूळ जमा करायचा, उसना, म्हणजे उकडा, असेल तर ६८. वीस-बावीस किलो टरफल बॉयलरला नाहीतर भट्टीला. उरतो सात-आठ किलो कोंडा, शुद्ध, पिवळसर, तेलकट. बकरीसाठी याहून चांगला कोंडा या जिल्ह्यात कधी निघाला नव्हता.

आणि तो बकरीपर्यंत पोचत नाही. मिलीच्या दारातून ट्रक थेट तेल काढणाऱ्या कारखान्याकडे जातो. तेल काढून उरलेली पेंड पशुखाद्याच्या कंपनीकडे. ती पेंड इतकी मोलाची झाली की देशात चारा-खाद्य महागलं तेव्हा केंद्र सरकारनं जुलै २०२३ मध्ये तिची निर्यात थांबवली. गावातल्या बाईला कोंडा हवा तर तो आता छापील गोणीतून, मक्याचा भरडा, सरकी ढेप आणि क्षार मिसळून येतो. जिथून निघाला त्याच तालुक्यात शेकडो किलोमीटरचा फेरा मारून.

माणसं विकत घेतात, कारण चराई संपत चालली आहे. वनखात्याची कुऱ्हाडबंदी-चराईबंदी जुनी. पण २०१२ मध्ये उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य झालं, २०१३ मध्ये कोका अभयारण्य झालं, त्याच वर्षी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली नदीकाठची गायरानं गेली. बकरी बांधावर सोडली तर बिबट नेतो, आणि राखायला पोरगं मिळत नाही, ते नागपूरला कंपनीत. मग बंदिस्त शेळीपालन. नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय, जे २००० पासून पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे, आणि राजस्थानातल्या अविकानगरची १९६२ मध्ये स्थापन झालेली मेंढी-लोकर संशोधन संस्था, यांचे सल्ले आता मोबाइलवर फिरतात. तीन महिन्यांचं कोकरू किंवा करडू आईपासून तोडा, पुढचे तीन महिने खुराक आणि चारा मोजून घाला, सहाव्या महिन्यात विका. साहेबाचा मटण क्लब दीड-दोनशे वर्षांनी भंडाऱ्यात पोचला म्हणायचा.

सल्ला बरोबर आहे. पण सल्ला कोरड्या मुलखात, ज्वारी-मक्याच्या हिशेबानं बांधलेला, आणि आमची माणसं त्यात आपला कोंडा घालतात. दोन वर्षांमागे शेजारच्या तरुणाचा खस्सी केलेला बोकड सकाळपासून शेपटी हलवत, पाठ कमानीसारखी करून उभा होता. मुतायला जोर करायचा, थेंब यायचा. पोराला वाटलं पोट फुगलं, त्यानं सोडा आणि तेल पाजलं. मी जवळ जाऊन पोटाखालचे केस पाहिले. केसांच्या टोकांना वाळूसारखे पांढरे कण चिकटलेले, चिमटीत धरले की खरखरणारे. मूतखडा. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या दहापटीहून जास्त असतो. नुसता कोंडा आणि दाणा महिनोन् महिने घातला, पाणी कमी पडलं, की तो लघवीत खड्यासारखा साचतो, आणि खस्सी नराची नळी अरुंद असल्यानं तिथे अडकतो. डॉक्टर येईपर्यंत दुपार झाली. त्यांनी नळीच्या टोकाचा बारीक शेपटासारखा भाग कापला, तेव्हा धार सुटली. सगळ्याच बोकडांचं नशीब असं नसतं. आता तो पोरगा चुन्याची निवळी आणि जास्त मीठ देतो, तूर-कुटाराचा चारा वाढवला आहे. आजीचा मिठाचा खडा नेमका इथे कामाचा होता.

दुसरा धोका खळ्याचा. सुटलेलं पिल्लू धानाच्या राशीत तोंड घालून पोटभर खातं आणि दुसऱ्या दिवशी आडवं पडतं. इतका दाणा एकदम पोटात गेला की आतलं आम्ल वाढतं, रवंथ बंद होतो. दाण्यावर तगडं झालेलं पिल्लू रात्रीत मेलं, तर बहुधा आंत्रविषार. त्याची लस पावसाळ्यापूर्वी टोचतात. पूर्वी आम्ही याला नजर लागणं म्हणायचो, कारण मरायचं ते गोठ्यातलं सगळ्यात देखणं पिल्लू.

आणि आता सगळं उलटं झालं आहे. रेशनचा तांदूळ फुकट मिळतो. शेती असलेल्या घरांना तो नको असतो, त्यांच्याकडे आपला बारीक तांदूळ असतो. आमच्या गल्लीत मी रोज पाहतो, रेशनचा तांदूळ भिजवून, थोडी ढेप घालून बोकडापुढे. अख्खा तांदूळ! कनकी मात्र मिळत नाही, ती कोंबडीखाद्याला आणि अलीकडे इथेनॉलच्या कारखान्यांना जाते. त्यासाठी सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारनं तुकडा तांदळाची निर्यातसुद्धा बंद करून पाहिली. कोंडा तेलाला, कनकी गाडीच्या टाकीत, तांदूळ बोकडाला. ढेकीच्या काळातले तीनही वाटे आपापल्या जागा सोडून गेले.

यातलं काय चुकीचं आणि काय बरोबर, यावर चावडीवर रोज खल होतो. म्हातारे म्हणतात लक्ष्मीचा अपमान. ज्याच्या दावणीला चार बोकड आहेत तो म्हणतो, किलोला साडेसहाशे-सातशे रुपये देऊन मटण नेणाऱ्याला हा प्रश्न विचारा. बकरी ईदच्या आधी नागपूरहून येणारे व्यापारी आता बोकड उचलून पाहत नाहीत, काट्यावर चढवतात. जिवंत वजनाला भाव. त्यामुळे शेवटचे पंधरा दिवस खुराक दुप्पट, आणि बाजाराच्या सकाळी मीठ चारून पोटभर पाणी. व्यापारी पण तेवढेच पक्के, ते दुपारपर्यंत काटाच आणत नाहीत.

बायांचं काय झालं, हे मात्र कोणी चावडीवर बोलत नाही. बोकड बंदिस्त झाले, कर्जावर आले, शेड बांधलं, तसे ते घरातल्या मुलाच्या नावावर गेले. बँकेला सातबारा लागतो. सकाळी कोंडा कालवायला, लेंड्या झाडायला, रात्री पिल्लू उबेला घ्यायला आजही बाईच उठते. पैसे मुलाच्या खात्यात जमा होतात. आमच्या गावातल्या एका बचत गटानं यंदा मिलीकडून थेट कोंडा घ्यायचं ठरवलं, वर्गणी काढली, पोती मोजली. मिलवाल्यानं पूर्ण रक्कम आगाऊ मागितली आहे आणि पोत्याचे वेगळे पैसे. बाया म्हणतात, पोती आम्ही आमची आणू.